आक्कांच्या नावावरची बंदूक

"वैनी, बंदूक काढ!"

आमचे मालक सोप्यात शिरले ते असे ओरडतच. सर्वपित्रीचा दिवस. बायकांची पानं नुकतीच उठली होती, मी खरकटं काढत होते. बघते तर ह्यांच्या शर्टाची बाही खांद्यापासून लोंबतेय आणि गुडघ्यापर्यंत चिखल. जेवून जरा रानात चक्कर मारून येतो म्हणून गेलेला माणूस! माझ्या हातातलं पातेलं मी तसंच खाली ठेवलं.

आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, उरलेला भात डब्यात काढत होत्या. त्यांनी वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

"कशाला रं?"

"रंगरावनं बांधाचा दगड उपसून टाकला. वर मला ढकलला, चारचौघांत. आज त्याला दावतोच."

"काय दावतोस?"

"ते मी बघतो. तू बंदूक काढ."

"बंदूक माझ्या नावावर हाय, दिनकर. परवाना माझा, बार काढायचा तर मी काढायचा. आधी पाय धू. चिखल घेऊन घरात शिरू नकोस."

"वैनी, आज मस्करी नको."

"मस्करी कोण करतंय? पाय धू म्हटलं."

ह्यांनी आक्कांकडं डोळे वटारून बघितलं. मग तरातरा आतल्या खोलीत गेले. भिंतीवर दोन खुंट्या होत्या, त्यावर बंदूक आडवी असायची. खुंट्या रिकाम्या होत्या. कोनाड्यातली काडतुसांची पेटीही नव्हती.

"कुठं ठेवलीस?"

"हाय जागेवर," आक्का म्हणाल्या आणि डब्याला झाकण लावलं.

रंगराव म्हणजे ह्यांचा सख्खा चुलत भाऊ. टेकाच्या रानात त्याचा न आमचा बांध एक. दरसाली नांगर फिरला की तो बांध थोडा इकडं सरकायचा, थोडा तिकडं, आणि दोघेही शपथा घ्यायचे की आपण हात लावला नाही. शिव्या व्हायच्या, मग लग्नाकार्यात पंक्तीला शेजारी बसायचे. पण त्या साली प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघायचं नाही, हे मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. मोठ्या मनाचा माणूस, पण रागाला आला की स्वतःचा राहायचा नाही. माझी दोन पोरं तेव्हा एवढीएवढीशी. ह्यांनी खरंच रंगरावला गोळी घातली तर तो जाणार वर, हे जाणार आत, आणि मी दोन पोरं घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार? मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

बंदुकीचंही सांगते. आमचं गाव भुदरगडात, अगदी डोंगराला टेकून. भुईमुगाला शेंग धरली की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत कळप असा काही धिंगाणा घालतो की सकाळी नांगरल्यासारखं रान दिसतं. म्हणून सासऱ्यांच्या काळापासून घरात पीक राखायची एकनळी बंदूक. हवेत बार काढायचा, डुकरं पळतात. सासऱ्यांच्या मागं ती थोरल्या दिरांच्या, हिंदुरावांच्या नावावर झाली. ते तापानं गेले तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि आता ती ह्यांच्या नावावर होणार हे सगळं गाव धरून चालत होतं. हे तर मिशीला पीळ देऊनच फिरत होते.

आक्का म्हणाल्या, "माझ्या नावावर करायची."

गाव हसलं. बायकामाणसानं बंदूक घेऊन रात्री रानातल्या माळ्यावर बसायचं? ह्यांचं तोंड उतरलं. पण आक्का ह्या घरात आल्या तेव्हा हे नाक पुसत शाळेला जात होते. आई लवकर गेलेली, म्हणून आक्कांनीच ह्यांना न्हाऊमाखू घातलेलं. त्यांच्या शब्दाबाहेर जायची ह्यांची छाती नव्हती. संमतीची सही केली आणि महिनाभर घुम्यासारखे वावरले.

कचेरीत मी आक्कांबरोबर गेले होते. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, घरात पुरुष माणूस असताना तुमच्या नावावर कशाला?"

"साहेब, डुकरं काय बाई-पुरुष बघून येतात व्हय?"

साहेब हसले. तरी चांगले हेलपाटे घालायला लावले, पण परवाना मिळाला. आणि आक्कांनी गावाचं हसू दोन हंगामांत बंद केलं. नऊवारीचा काष्टा मारून माळ्यावर बसायच्या. बार काढला की डुकरं थेट ओढ्यापलीकडं. दर शनिवारी अंगणात बसून नळीला तेल लावायच्या, आणि तेव्हा पोरांना त्यांच्या आसपासही फिरकू द्यायच्या नाहीत.

माझं स्वतःचं मत मात्र माझ्या वडलांसारखं होतं. शेजारच्या गावात वरातीत कुणीतरी हौसेनं बार काढला आणि हलगीवाल्याचा पंजा फुटला, तेव्हापासून वडील म्हणायचे, सरकारनं गावोगावच्या बंदुका गोळा करून न्याव्यात आणि समुद्रात टाकाव्यात. चावडीवर ह्यावरून नुसता गदारोळ. एक म्हणायचा, बंदूक घरात असली की भांडणात आठवतेच. दुसरा म्हणायचा, मग डुकरांपुढं काय हात जोडून उभं राहायचं? मी आक्कांना म्हटलं होतं, "देऊन टाका ती पीडा सरकारला."

"आणि भुईमूग कोण राखणार? तुझा बाप?" आक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हौसा, तुझ्या वडलांचं बी खरं हाय गं. डुक्कर बी खरं हाय आणि माणसाचं डोकं बी खरं हाय. दोन्ही सांभाळायचं म्हणजे जिवाला घोर."

तर त्या सर्वपित्रीला हे रात्री न जेवताच रागात झोपले. दुसऱ्या दिवशी घट बसायचे.

आमच्याकडं घट घरच्या पुरुषानं बसवायचा, अशी रीत. हिंदुराव होते तोवर ते बसवायचे, नंतर हे. जो घट बसवतो त्यानं दसऱ्यापर्यंत अनवाणी राहायचं, दाढी करायची नाही, गादीवर झोपायचं नाही, दोन्ही वेळा आरती करायची. आणि एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत कुणीही हलवायचा नाही. केर काढतानासुद्धा त्याच्या आसपास आम्ही श्वास धरून वावरतो. घट हलला, कलंडला, तर त्या घराचं काही खरं नाही, असं आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक.

सकाळी मी देवघरात गेले तर आक्कांनी कोपऱ्यात भिंतीलगत मातीचा वाफाच घातला होता. दरसाली आमचा घट एका पत्रावळीवर मावतो. हा चांगला दोन हात लांब.

"एवढी माती कशाला हो, आक्का?"

"यंदा धान्य दाट उगवू दे," आक्का म्हणाल्या. "दिनकर, टेकाच्या रानातली आणखी एक पाटी माती आण. जाताना रंगराव दिसला तर मान खाली घाल आणि ये. आज घट बसवायचाय तुला."

ह्यांनी माती आणली. स्वतःच्या हातानं पसरली, गहू पेरला, मधोमध मडकं ठेवलं, पाणी शिंपडलं, दिवा लावला. कितीही तापट असला तरी देवाच्या बाबतीत हा माणूस लहान पोरासारखा. हात जोडून बराच वेळ बसले. मला वाटलं, सुटलो बाई.

कसलं सुटतोय! आरती झाली की ह्यांची शोधाशोध सुरू. कणगीत हात घालून बघितलं. गोठ्याच्या माळ्यावरचा कडबा खाली काढला. विहिरीत गळ टाकून बघितला, आणि गळाला माझी हरवलेली कळशी लागली. अनवाणीच पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आले, आमच्या वैनीनं बंदूक जमा केलीय का? ते म्हणाले, नाही. गावात कुणीतरी सांगितलं, बाईनं विकून टाकली असेल. मग तर हे आणखीनच भडकले. आणि संध्याकाळी पुन्हा घटापुढं उभे राहून घंटा वाजवत आरती म्हणायचे, कडक आवाजात, देवीलाच दम दिल्यासारखे.

इकडं डुकरांना सुगावा लागला. बार ऐकू येत नाही म्हटल्यावर टेकाच्या रानात कळप उतरला. तिथला भुईमूग आक्कांच्या वाट्याचा. वर्षाचं तेल, मिठाला पैसा, सगळं त्यातूनच. मी न माहेरनं बोलावलेला माझा भाऊ पत्र्याचे डबे बडवत बसलो, सुतळी बॉम्ब लावले. डुकरं दहा पावलं लांब जायची न आम्ही दमलो की परत यायची. घटाला रोजची एक अशा तीन माळा झाल्या तोवर निम्मं रान उकरलेलं.

मी आक्कांपुढं उपटलेले वेल टाकले. "हे बघा. जीव तुटतोय माझा. ह्यांच्या हातात देऊ नका, पण तुम्ही तरी या न एक बार काढा. कुठं असंल तिथनं काढा ती!"

आक्का घटाशेजारी घोंगडं टाकून माळेसाठी कारळ्याची फुलं ओवत बसल्या होत्या. त्या दिवसांत तिथनं हलायच्याच नाहीत. झोपायच्याही तिथंच.

त्यांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे हातात घेतले. शेंग चांगली भरली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "भुईमूग पुढच्या साली पेरता येतोय."

सातव्या माळेला दुपारी रंगरावनं ट्रॅक्टर घातला. बांध असा राहिलाच नाही. हे आडवे गेले तर त्याच्या गड्यानं ढेकूळ भिरकावलं, ते कपाळाला लागलं. हे घरी आले ते रक्त भुवईवरनं गळत होतं. ओरडा नाही, शिव्या नाही. मला त्या गप्प राहण्याचीच जास्त भीती वाटली. मी मध्ये गेले तर मला हातानं बाजूला सारलं.

"वैनी. आज शेवटचं विचारतोय."

"हौसा, हळद आण. कपाळ फुटलंय त्याचं."

"मला हळद नको!" आता मात्र आवाज घरभर घुमला. "घरात बंदूक असून मी मार खाऊन येतोय! लोक थुंकतात माझ्या तोंडावर! दादा असता तर त्यानं स्वतः हातात दिली असती!"

"दादा असता तर त्यानं तुझ्या थोबाडीत दिली असती," आक्का म्हणाल्या. "बस खाली."

"कुठंय ती?"

आक्का हातातली माळ घेऊन घटाशेजारी तशाच बसून राहिल्या. हे त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर घोंगड्यावर गेली, तिथनं वाफ्यावर. गहू वीतभर उंच झाला होता, दाट, पिवळसर हिरवा. वाफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ह्यांची नजर सावकाश गेली आणि परत आली.

मलाही तेव्हाच कळलं. अगं बाई! हळदीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. एवढे दिवस ह्या माणसानं स्वतःच्या हातानं जिच्यावर माती पसरली, पाणी घातलं, जिच्यापुढं आरती म्हटली, ती तिथं खाली होती.

"मातीत घातलीस," हे म्हणाले.

"नळी न लाकडी दस्ता सुटं करून, तेल लावून, खताच्या पोत्यात गुंडाळून. काडतुसं बी तिथंच." आक्का अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "आता तुला कळलंय. मी म्हातारी बाई, मी काय तुला धरणार? घट तू बसवलास, उचलायचा तर तूच उचल. मी आडवी येत नाही."

आणि खरंच, त्या उठल्या आणि भिंतीला टेकून बाजूला उभ्या राहिल्या.

हे गुडघ्यावर बसले. हात पुढं केला. बोटं मडक्याच्या कडेला लागली. कपाळाचं रक्त गव्हाच्या पात्यांवर पडलं, एक थेंब, मग दुसरा. बाहेर रंगरावचा ट्रॅक्टर अजून घरघरत होता. मी डोळे मिटून घेतले. देवीला म्हटलं, आई, माझी पोरं तुझ्या ओटीत.

डोळे उघडले तर हे तसेच बसलेले, हात मागं घेतलेला, आणि खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"वैनी," हे म्हणाले, "मी खरंच मारला असता त्याला."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाल्या. माझ्या हातातली वाटी घेऊन त्या ह्यांच्यापुढं बसल्या आणि कपाळाला हळद लावली. लहानपणी लावत असतील तशीच, फुंकर घालत घालत. "जा आता. तोंड धू. आरतीची वेळ होईल."

दसऱ्याला ह्यांनी उत्तरपूजा केली, घट हलवला, गहू उपटून टोपीत खोवला. मग माती बाजूला करून पोतं काढलं. ओल आत शिरली होती. काडतुसं पेटीत कोरडी राहिली होती, पण नळीला बोटभर लांब गंज धरला होता. ह्यांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली, जोडली आणि दोन्ही हातांनी आक्कांपुढं धरली. आक्कांनी घेतली, खुंट्यांवर आडवी ठेवली.

त्या संध्याकाळी आक्का माळ्यावर जाऊन बसल्या. बार वाजला. उरलासुरला भुईमूग वाचला.

रंगरावशी काही लगेच गळाभेट झाली नाही. खोटं कशाला सांगू? सोनं द्यायला हे गेले तेव्हा त्यानं दार उघडलं, आपट्याचं पान घेतलं आणि दार लावलं. पुढं सरकारी मोजणी आणली. निघालं काय, तर थोडी जमीन त्यानं आमची खाल्लेली, थोडी आम्ही त्याची. दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली होती. आज तो नातवाला घेऊन आमच्या ओट्यावर चहा पितो. त्याला घटाची गोष्ट ठाऊक आहे. ह्यांनीच सांगितली.

आक्कांनी तो गंज कधी काढला नाही. शनिवारी तेल लावताना नळीभर फडकं फिरायचं, तेवढी जागा सोडून. मी एकदा म्हटलं, "काढा की घासून." त्या म्हणाल्या, "राहू दे. घरातल्यांना दिसतोय तोवर बरा."

आक्का गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. बंदूक पुन्हा पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पुन्हा तोच प्रश्न, नावावर कुणाच्या करायची? डुकरं काही संपलेली नाहीत, उलट वाढलीत. आमचा थोरला म्हणाला, माझ्या नावावर करा. पोरगा गुणाचा आहे, पण डोकं बापाचं घेऊन आलाय. मी काही बोलायच्या आत ह्यांनी त्याला गप्प केलं.

कचेरीत आम्ही दोघं गेलो. हे आता काठी टेकत चालतात. साहेब नवे, वयानं आमच्या पोरापेक्षा लहान. अर्ज बघितला आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "काका, मावशींच्या नावावर कशाला? तुम्ही आहात, मुलगा आहे. घरात पुरुष माणसं असताना?"

मी तोंड उघडणार होते. आक्कांचं डुकरांचं उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. पण ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि कपाळावरची ती जुनी खूण खाजवत साहेबांना म्हणाले,

"आहेत म्हणूनच, साहेब."